नाकसाहेबांनी पास केलेली बुचं

नाक गेलं म्हणजे अब्रू गेली, असं आपण म्हणतो. नाकसाहेबांचं नाक गेलं तेव्हा अब्रू मात्र शाबूत राहिली, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

वाइनच्या त्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. पगाराच्या कागदावर ‘बूच तपासनीस’ असं लिहिलेलं असे, पण दरवानापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे ते नाकसाहेब. मालकीण तेवढी काका म्हणायची, कारण ती वडिलांचं बोट धरून कारखान्यात यायची तेव्हापासून हे तिथे होते. काम ऐकायला सोपं. वाइनच्या बाटलीचं बूच हे झाडाच्या सालीचं असतं, आणि त्या सालीत कधीकधी एक कुबट वास दडलेला असतो, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याचा असतो तसा. कोरडं बूच हुंगून तो कळत नाही. पण तेच बूच बाटलीत बसलं की सहा महिन्यांत उत्तम वाइनचं पायपुसण्याचं पाणी होतं. म्हणून आलेल्या प्रत्येक पोत्यातून पन्नास बुचं काढायची, पन्नास लहान बरण्यांत पाणी घेऊन एकेक बुडवायचं, झाकण लावायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून हुंगायचं. पन्नासात एक जरी कुबट निघालं तरी सगळं पोतं परत. पास झालं तर पोत्याच्या चिठ्ठीवर नाकसाहेबांची सही. सव्वीस वर्षं ही सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

या नाकाचे लाडही तसेच होते. सकाळी काम संपेपर्यंत चहा नाही, अंघोळीचा साबण बिनवासाचा, आणि बायकोने एखाद्या लग्नासाठी अत्तर लावलं तर हे दोन दिवस दुसऱ्या खोलीत झोपणार. बाहेरचे पाहुणे आले की थोरले मालक त्यांना मुद्दाम तपासणीच्या खोलीत घेऊन यायचे. नाकसाहेब डोळे मिटून ओळीने बरण्या हुंगत जायचे आणि नेमकी वाईट ती काढून पुढे ठेवायचे. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या त्यांना फार आवडायच्या, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

खोलीत आणखी एक माणूस असे. बरण्या धुणं, भरणं, सकाळी झाकण उघडून एकेक बरणी साहेबांच्या पुढे सरकवणं, संध्याकाळी पास झालेली पोती कोठीत ठेवून कुलूप लावणं, हे सगळं बरणीताई करायची. नाकसाहेबांच्या मागून दोन वर्षांनी ती लागली आणि चोवीस वर्षं त्याच स्टुलावर होती. पाहुण्यांच्या वेळी ती टाळ्या वाजवत नसे, कारण तिच्या दोन्ही हातांत झाकणं असायची.

गेल्या थंडीत नाकसाहेबांना आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक बरोबर घेऊन गेला. कामावर परत आल्यावर त्यांनी पहिली बरणी नाकाशी धरली, तर काहीच नाही. पाण्याला वास नसतो म्हणतात, पण यांना पाण्याचाही यायचा, आणि आता तोही नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाहीही येणार. एवढं शिकून त्यांनी एवढंच सांगितलं.

त्याच दिवशी मॅनेजरकडे जाऊन सांगितलं असतं, तर चार माणसं हळहळली असती आणि विषय संपला असता. नाकसाहेबांनी ठरवलं, आठवडाभर बघू. माणूस चुकीच्या रस्त्याला लागतो तो असाच, आठवडाभरासाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीताईने सतराव्या बरणीचं झाकण उघडलं आणि तिची डावी नाकपुडी किंचित वर गेली. बस, एवढंच. नाकसाहेबांनी ती बरणी नाकाशी धरली, नेहमीसारखे डोळे मिटले आणि बाजूला ठेवली. “ही बघा,” ते म्हणाले. तिने हुंगून मान हलवली.

त्या दिवसानंतर त्यांनी बुचं हुंगली नाहीत, तिचा चेहरा वाचला. खिडकीपाशी उजेड बरा येतो असं सांगून आपली खुर्ची तिच्या बरोब्बर समोर आणून ठेवली. नाकपुडी हलली की बरणी बाजूला, नाही हलली की पास. आणि गंमत म्हणजे काम बिनचूक होऊ लागलं. इतकं बिनचूक, की महिन्याभराने नाकसाहेबांना स्वतःलाच वाटायला लागलं, यात आपलीही थोडी हुशारी आहेच.

मग बरणीताईच्या मुलीचं बाळंतपण आलं. ती परगावी होती, आई तीन आठवड्यांची रजा टाकून गेली. बाटल्या भरायचा हंगाम तोंडावर होता आणि बुचांची अकरा पोती येऊन पडली. नाकसाहेबांनी बरण्या स्वतः भरल्या, स्वतः उघडल्या आणि साडेपाचशे वेळा गंभीर चेहऱ्याने नुसती हवा हुंगली. मनाची समजूत घातली, की शंभर पोत्यांत जेमतेम चार वाईट निघतात, अकरात असून असून किती असणार. दहा पोती पास केली. एक परत पाठवलं, कारण सगळीच पास केली तर बरं दिसत नाही. त्या परत गेलेल्या पोत्यात बहुधा काहीही खोट नव्हती.

सहा महिन्यांनी बाटल्या परत यायला लागल्या. आधी एका हॉटेलातून, मग तीन दुकानांतून, मग खोकीच्या खोकी. वाइनला कुबट वास. बाटल्यांवरच्या आकड्यांवरून मॅनेजरने माग काढला आणि तो थेट त्या दहा पोत्यांपाशी जाऊन थांबला. त्यांना वाटलं, झालं, आता आपल्यालाच बोलावणार.

बोलावलं, पण साक्षीला. मालकिणीच्या ऑफिसात बरणीताई उभी होती आणि मॅनेजर हिशेब मांडत होता. पोती नाकसाहेबांनी पास केली, म्हणजे आली तेव्हा ती चांगलीच होती. म्हणजे बिघडली ती कोठीत. कोठीची किल्ली कुणाकडे? रजेवरून आल्यावर कोठी पुसून कुणी काढली? आणि कोठीच्या दारामागे ब्लीचची रिकामी बाटली सापडली होती. ब्लीच आणि बुरशी एकत्र आली की असाच वास धरतो, म्हणून कारखान्यात ब्लीच आणायलाच बंदी होती. ती बाटली नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची असू शकत होती, पण नळवाल्याकडे कोठीची किल्ली नव्हती.

“मी ब्लीच वापरलेलं नाही,” बरणीताई म्हणाली. आवाज चढवला नाही, दुसऱ्यांदा म्हणालीही नाही.

मालकीण नाकसाहेबांकडे वळली. “काका, ती पोती तुम्ही स्वतः हुंगली होती ना?”

“हुंगली होती,” ते म्हणाले.

शब्दाला शब्द खरं होतं. बरणीताईने त्यांच्याकडे बघितलं. ती किती वेळ बघत राहिली ते त्यांना सांगता आलं नसतं, कारण ते टेबलाचा पाय निरखत होते. पाय लाकडी होता, खाली पितळेची टोपी होती आणि टोपीला एक पोचा होता. बरणीताईला सोमवारपासून येऊ नका असं सांगितलं गेलं. तिने कोठीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ती निघाली. जाताना तिने दार हळूच लोटून घेतलं.

खरं सांगायचं तर पुरावा नाकसाहेबांच्या खिशात होता. पास केलेल्या प्रत्येक पोत्यातली वीस बुचं काचेच्या बरणीत सीलबंद करून, तारीख घालून, तपासणीच्या खोलीतल्या कपाटात ठेवायची पद्धत होती. ही बुचं कोठीत कधी जातच नसत. त्या दहा बरण्यांत पाणी घालून ठेवलं असतं, तर वास आधीपासून होता की मागून धरला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं असतं. पण नाकसाहेबांच्या सहीवर शंका घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही, आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. शनिवारी सगळे घरी गेल्यावर त्यांनी ते कपाट उघडलंसुद्धा. बुचं बदलून टाकायची, नव्या पोत्यातली चांगली घालायची, एवढाच उद्योग होता. त्यांनी तो केला नाही. सज्जनपणा आडवा आला म्हणून नाही, तर पास झालेली पोती कोठीत बंद होती, आणि बाहेरच्या नव्या पोत्यातली चांगली कुठली आणि वाईट कुठली हे भिजवूनही त्यांना कळणार नव्हतं म्हणून. दोन्ही हातांत एकेक बूच धरून ते तिथे उभे राहिले आणि त्यांना स्वतःची किळस आली.

सोमवारी स्टूल रिकामं होतं. नाकसाहेब मालकिणीकडे गेले. वाटेत त्यांनी वाक्य घोकलं होतं, पण तोंडातून निघालं ते त्याचं पाव. “चूक माझीही असू शकेल,” ते म्हणाले, “वय झालं आता.” आणि थांबले. मालकिणीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, काका, तुम्ही बरणीताईंसाठी सगळं स्वतःवर घेताय, मला कळत नाही का? बाबा उगाच तुमचं नाव काढायचे का? पुढे बोलायची हीच वेळ होती. नाकसाहेबांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि ते बाहेर आले.

दुपारपर्यंत ही गोष्ट कारखानाभर झाली. जेवणाच्या खोलीत बाटल्या भरणाऱ्या बायकांनी त्यांना उठून जागा दिली. मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. नाकसाहेब मान खाली घालून चहा पीत राहिले. ती मान शरमेने खाली गेली होती आणि लोकांना तो विनय वाटत होता. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्यांना त्या चहाच्या कपापाशी कळलं. तरी कप त्यांनी संपवला.

घरी गेले तर बायकोने दारातच गाठलं. शेजारची मुलगी बाटल्या भरायला होती, तिने सगळं सांगितलं होतं. बायकोचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. एका गरीब बाईसाठी तुम्ही शब्द टाकलात म्हणे, ती म्हणाली, आणि तिने ताट वाढलं. पहिला घास नाकसाहेबांच्या घशाखाली उतरेना. कारखान्याचं कौतुक गिळता आलं होतं, हे गिळता येईना. त्यांनी ताट सरकवलं आणि तापापासून टेबलाच्या पायापर्यंत सगळं सांगितलं.

नाक गेल्याचं बायकोला माहीत होतं. दहा महिने तिने खुशाल अत्तर लावलं होतं आणि नवरा एकदाही दुसऱ्या खोलीत गेला नव्हता. तिला वाटत होतं, कारखान्यात त्यांनी सांगितलं असेल, दुसरं काहीतरी काम दिलं असेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, ताटावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, “मग इथे काय बसलाय?”

बरणीताई दोन गल्ल्या पलीकडे, एका उंच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. चोवीस वर्षांत नाकसाहेब तिथे एकदाही गेले नव्हते, पत्ता दरवानाला विचारावा लागला. तिने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. आत खाटेवर लहान बाळाच्या टोपड्याचं विणकाम अर्धवट पडलेलं दिसत होतं. नाकसाहेबांनी जिन्यातच उभं राहून सुरुवात केली, की तुम्हाला एक सांगायचंय, माझं नाक.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“ताप येऊन गेला त्याच आठवड्यात कळलं मला, दादा. कारखान्यात जेवणाच्या खोलीत शेगडीवर दूध करपलं होतं, सगळा मजला धावत आला. तुम्ही शेगडीच्या शेजारी बसून पेपर वाचत होतात.” ती चौकटीला टेकली. “त्यानंतर मी जरा जास्तच तोंड वाकडं करायला लागले. नाहीतर एरवी माझं तोंड इतकं वाईट नाही.”

नाकसाहेबांना हसू यायला हवं होतं. त्यांचे कान गरम झाले. त्यांना वाटत होतं आपण चोरून बघतोय, आणि ती दाखवत होती. त्यांनी विचारलं, मग ऑफिसात बोलला का नाहीत? एक वाक्य बोलला असतात तर नोकरी वाचली असती.

“ते वाक्य तुमचं होतं,” बरणीताई म्हणाली. “मी कशाला बोलू? दहा महिने रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघत होतात. त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते, तर तुम्हाला टेबल दिसलं.”

नाकसाहेब म्हणाले, उद्या मी सगळं सांगतो. ती म्हणाली, सांगा. तेही तिने बिल भरून या म्हणतात तसं म्हटलं. मग तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकिणीपुढे सगळं ओकून टाकलं, काहीही मागे न ठेवता. आणि मालकिणीने विश्वासच ठेवला नाही. इतक्या वर्षांची साख अशी सहजासहजी पुसता येत नाही. मॅनेजर म्हणाला, साहेब, त्या बाईंना परत घ्यायचं तर घेऊ, पण त्यासाठी असलं काही रचून सांगू नका. घ्या, हुंगून दाखवा म्हटलं तर तुम्ही मुद्दाम चुकाल, आम्ही काय ओळखत नाही तुम्हाला?

तेव्हा नाकसाहेबांनी खिशातून कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, माझी परीक्षा घेऊ नका, बुचांची घ्या. त्या दहा बरण्या सीलबंद आहेत, कोठी त्यांनी बघितलेलीही नाही. तुमच्या हाताने सील तोडा, पाणी घाला, आणि उद्या सकाळी बरणीताईंना बोलावून घ्या.

बुधवारी सकाळी तपासणीच्या खोलीत मालकीण होती, मॅनेजर होता, बाटल्या भरणाऱ्या दोघीतिघी उगाचच रेंगाळत होत्या. बरणीताई आली, पण उंबरठ्याच्या आत आली नाही. नाकसाहेबांनी आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि ते तिच्यावर बसले.

“हे काय काका?” मालकिणीने विचारलं.

“त्यांचा चेहरा मला दिसता कामा नये,” ते म्हणाले. “नाहीतर माझी सवय जायची नाही.”

मॅनेजर स्वतः झाकणं उघडू लागला. एक, दोन, तीन. चौथं झाकण निघालं आणि दारातून बरणीताई म्हणाली, “ही.” मॅनेजरने बरणीत डोकावून बघितलं, मग नाक खाली नेलं आणि झटकन मागे झाला. पुढच्या चार बरण्यांना ती काही बोलली नाही. नवव्या बरणीचं झाकण पुरतं निघायच्या आत म्हणाली, “आणि ही. ही जास्त वाईट आहे.”

या वेळी कुणाला बरणीपाशी जावंच लागलं नाही. ओल्या पुठ्ठ्याचा तो कुबट वास खोलीभर पसरला. मालकिणीने पदर नाकाला लावला. बाटल्या भरणाऱ्या बायका ई करत बाहेर पळाल्या. मॅनेजरने खिडकी उघडली. नाकसाहेबांना हे सगळं नुसतं ऐकू आलं. ज्या वासावर त्यांचं आयुष्य उभं होतं तो त्या खोलीत आता हरएक माणसाला येत होता, फक्त त्यांना येत नव्हता. ते भिंतीकडे बघत बसून राहिले. मग मॅनेजर त्यांच्या खुर्चीपाशी आला, काहीतरी बोलायला म्हणून, आणि न बोलताच परत गेला. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

मालकिणीने दारापाशी जाऊन बरणीताईची माफी मागितली. मोकळेपणाने मागितली, आणि म्हणाली, उद्यापासून या, पण स्टुलावर नाही, या खुर्चीवर. चिठ्ठीवर सहीही तुमची. बरणीताईने विचार करून सांगते म्हटलं. मग मालकिणीला काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, “तुम्हाला हा वास कधीपासून कळतो? काकांचं नाक गेल्यापासून?”

“पहिल्या वर्षापासून,” बरणीताई म्हणाली. “झाकण मीच उघडायचे ना, आधी मलाच यायचा. पाहुणे असायचे तेव्हासुद्धा. मला कधी कुणी विचारलं नाही.”

मालकीण खुर्चीकडे वळली. “काका, चोवीस वर्षं त्या तुमच्या समोर होत्या. तुम्हीही नाही विचारलंत?”

नाकसाहेब उठले आणि वळले. बरणीताई दारात उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर त्यांना वाचता येईल असं काही नव्हतं. त्यांना खाली बघावंसं वाटलं, खूप वाटलं.

“नाही,” ते तिच्याकडे बघून म्हणाले. “एकदाही नाही.”